वन्संचं अडीच सेकंदांचं भांडण

आमच्या वन्सं घरात कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत. मी "आज भाजीला..." एवढं म्हणायचा अवकाश, "काहीही चालेल, तेल कमी घाल" हे उत्तर येऊन आदळतं. यांनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावानं, "ताई, तो प्लंबर..." म्हणून तोंड उघडलं की "येऊन गेला" म्हणून त्या मोकळ्या. प्लंबर येऊन गेल्यावर नळ पुन्हा गळायला लागलाय, हे यांना सांगायचं असतं, ते राहूनच जातं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिली दोन वर्षं माझी समजूत होती की वन्संना माझा आवाजच सहन होत नाही.

नंतर त्यांच्याच ओळखीनं मला त्यांच्या केंद्रात काम मिळालं आणि मी चाटच पडले. सार्वजनिक वाचनालयाच्या वर दुसऱ्या मजल्यावर हे केंद्र आहे. कामासाठी बाहेरून आलेल्या मोठ्या माणसांना तिथे इथली भाषा शिकवतात. वन्सं सव्वीस वर्षं तेच करतायत. माझं टेबल पॅसेजमध्ये, पाण्याच्या फिल्टरशेजारी. नावनोंदणी, हजेरी, किल्ल्या, हे माझं खातं. वर्ग आणि पॅसेज यांच्यामध्ये लाकडी पार्टिशन आहे आणि त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला काच आहे, त्यामुळे आतलं सगळं दिसतं आणि बरंचसं ऐकूही येतं.

वर्गात वन्सं वाट बघायच्या. प्रश्न विचारायच्या, टेबलाच्या कडेला टेकायच्या आणि जमिनीकडे बघत बसायच्या. समोरचा घाम पुसतोय, शब्द शोधतोय, मागचे चुळबुळ करतायत, तरी त्या हलायच्या नाहीत. एकदा मी विचारलं, "वन्सं, तुम्ही त्यांच्याकडे बघत का नाही?"

"बघितलं की ते शब्द शोधायचं सोडतात आणि माझं तोंड वाचायला लागतात," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी वर्गात अठराजण होते. त्यांतल्या तिघांशी या गोष्टीचा संबंध आहे. एक वेल्डर, वय अठ्ठेचाळीस, जाडजूड मनगटांचा, अत्यंत अबोल माणूस. त्याला कारखान्यात मुकादम करायचं ठरलं होतं. पण मुकादमाला रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्या कामगारांना पाच मिनिटं सुरक्षेबद्दल बोलावं लागतं, म्हणून आधी भाषेचा दाखला हवा होता. बाकीच्या दोघी जावा. कपडे दुरुस्त करून द्यायचं त्यांचं दुकान होतं. थोरली धडाधड चुकीचं बोलायची आणि धाकटीच्या तोंडाला कायमचं कुलूप. वन्संनी धाकटीला काही विचारलं की उत्तर थोरलीकडून यायचं.

वर्ग सुरू होऊन तीन महिने झाले आणि मुख्य कार्यालयाकडून खोकी आली. खोक्यांत टॅबलेट आणि हेडफोन. सोबत पत्र की यापुढे प्रत्येक विद्यार्थ्यानं रोज वीस मिनिटं टॅबलेटवरच्या संवाद-सहायिकेशी बोलायचं. ती प्रश्न विचारणार, चुका सुधारणार, गुण देणार. तिचं अधिकृत नाव लांबलचक होतं. ती प्रत्येकाला, काहीही बोललं तरी, "वा, फारच छान" म्हणायची, म्हणून वर्गानं दुसऱ्याच दिवशी तिचं नाव गोडबोली ठेवलं.

पत्राच्या मागच्या पानावर खरी मेख होती. सलग आठ आठवडे ज्याचे प्रवाहीपणाचे गुण शंभरांपैकी चाळीसच्या खाली राहतील, त्याला प्राथमिक वर्गात पाठवायचं. प्राथमिक वर्ग सकाळी नऊला, आणि वेल्डर सकाळी सातपासून कारखान्यात. म्हणजे त्याला घरीच पाठवल्यासारखं होतं.

पहिल्या आठवड्यात वेल्डरला बावीस गुण पडले. दुसऱ्या आठवड्यात एकोणीस.

वन्संना हे पटेना. वेल्डर सावकाश बोलायचा, पण बोलायचा ते बिनचूक. त्या त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या आणि त्यांनी हेडफोनची वायर काढून टाकली, म्हणजे सगळं मोठ्यानं ऐकू येईल. मीही दारात उभी राहिले.

"सकाळी कामावर गेल्यावर तुम्ही सगळ्यांत आधी काय करता?" गोडबोलीनं विचारलं.

"मी," वेल्डर म्हणाला आणि थांबला. त्याला काय सांगायचं होतं ते नंतर त्यानं आम्हाला सांगितलं. गॅसच्या सिलिंडरची नळी जिथे जोडलेली असते तिथे तो साबणाचं पाणी लावून बघतो. बुडबुडे आले तर गॅस गळतोय. एवढं सगळं नव्या भाषेत जुळवायला त्याला वेळ लागत होता.

"छान सुरुवात," गोडबोली म्हणाली. "तुम्ही म्हणू शकता, मी चहा पितो. आता म्हणा."

"नाही," वेल्डर म्हणाला. "मी चहा पीत नाही. मी..."

"वा, फारच छान. तुम्हाला चहाऐवजी काय आवडतं?"

वेल्डरनं वन्संकडे बघितलं. वन्संनी जमिनीकडे बघितलं, पण या वेळी वाट बघण्यासाठी नव्हे. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि त्याला पुन्हा पुन्हा बोलायला लावलं. दहा वेळा मोजलं. माणूस गप्प झाला की बरोबर अडीच सेकंदांनी गोडबोली तोंड घालायची.

"त्याला किती लागतात?" मी विचारलं.

"सहा. अवघड असेल तर सात."

रात्री घरी वन्संच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली होती. "माणसाला विचार करायला अडीच सेकंद. अडीच. अरे, मी शिंकायला जास्त वेळ घेते."

हे जेवत होते. घास गिळून म्हणाले, "ताई, तू मला आजवर कधी अडीच सेकंद..."

"तुझं वेगळं," वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलावरून त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. फोनवरही बोलणारं यंत्रच निघालं. ते म्हणालं, तुमची अडचण थोडक्यात सांगा. वन्सं म्हणाल्या, "तुमची ती सहायिका माणसाला..." आणि नेमका शब्द शोधायला थांबल्या. "समजलं," यंत्र म्हणालं, "तुम्हाला पासवर्ड बदलायचा आहे." वन्संनी फोन इतका जपून खाली ठेवला की मलाच भीती वाटली.

मग पत्रापत्री सुरू झाली. मुख्य कार्यालयात एक समन्वयक होता, आवाजावरून तिशीच्या आतला, बोलायला अतिशय नम्र. "मॅडम, तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय," हे वाक्य त्यानं तीन आठवड्यांत चार वेळा ऐकवलं. पाचव्या वेळी लेखी उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की सरासरी विद्यार्थी एक पूर्णांक सहा दशांश सेकंदात उत्तर द्यायला लागतो, त्यामुळे अडीच सेकंद पुरेसे आहेत. वन्संनी त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर लिहिलं, "माझ्या वर्गात अठराजण बसतात. सरासरी विद्यार्थी त्यांत नाही." मी ते नीट टाइप करून पाठवलं. तेही म्हणणं नोंदवून घेण्यात आलं.

या सगळ्यात वन्संना आणखी एक चिमटा बसला, आणि तो जास्त लागला. गोडबोलीशी झालेली संभाषणं शिक्षकांना वाचता येतात, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. एका दुपारी वन्सं ती वाचत बसल्या होत्या. मी किल्ल्या द्यायला आत गेले तर त्या नुसत्याच पडद्याकडे बघत होत्या.

"हे वाच," त्या म्हणाल्या.

ते धाकट्या जावेचं होतं. तीन महिन्यांत तिनं वर्गात जेमतेम वीस शब्द उच्चारले असतील. इथे ती पानंच्या पानं बोलली होती. दुकानात येणारी गिऱ्हाइकं, कुठल्या कापडाला कुठली सुई, पाय मुरगळला तेव्हा काय झालं, सगळं. चुका होत्या, पण अडखळणं नव्हतं. आणि मध्येच एक वाक्य होतं: "गिऱ्हाईक मला विचारतं, जाऊबाई उत्तर देतात, मग मी विसरते की मला येत होतं."

"मी तिची तीन महिने वाट बघितली," वन्सं म्हणाल्या. "आणि ती या यंत्राशी बोलली."

"तिथे कुणी हसत नाही ना, म्हणून असेल," मी म्हणाले.

"माझ्या वर्गात कोण हसतं?"

"हसत नाही कुणी. पण थोरली शेजारी बसते."

दुसऱ्या दिवशी वन्संनी दोघींच्या खुर्च्या वेगळ्या केल्या. धाकटी खिडकीपाशी, थोरली दाराजवळ. थोरलीला ते इतकं झोंबलं की ती दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली ती तोंड फुगवून. धाकटी वर्गात लगेच काही बोलायला लागली नाही, पण प्रश्न आला की आता निदान मान वर करून बघायची.

वेल्डरचे गुण मात्र हलेनात. पाचव्या आठवड्यात शेजारच्या इमारतीत भिंतीला भोकं पाडायचं काम निघालं. ड्रिलची घरघर रात्री उशिरापर्यंत चालू. वन्सं वैतागून खिडकी लावत होत्या, तर वेल्डरनं हात वर केला.

"बाई, ती थांबली," तो म्हणाला.

"कोण?"

त्यानं टॅबलेटकडे बोट दाखवलं. घरघर चालू असली की गोडबोलीला वाटत होतं माणूस अजून बोलतोय, म्हणून ती मध्ये तोंड घालत नव्हती. त्यानं आपलं साबणाच्या पाण्याचं सगळं वाक्य पहिल्यांदाच शेवटपर्यंत नेलं होतं. पण ड्रिलवाले चार दिवसांनी गेले. मग वेल्डरनं स्वतःच मार्ग काढला. दोन शब्दांच्या मध्ये तो तोंड मिटून बारीक आवाज काढायला लागला. "मी सकाळी म्म्म्म्म नळीला म्म्म्म्म साबणाचं पाणी लावतो." गोडबोली शहाण्या बाळासारखी गप्प. त्या आठवड्यात त्याला एकसष्ट गुण पडले, पुढच्या आठवड्यात एकाहत्तर.

वन्सं खूप दिवसांनी पोट धरून हसल्या. घरी येऊन यांना नक्कल करून दाखवली. वर्गातल्या आणखी दोन सावकाश बोलणाऱ्यांना त्यांनी स्वतः ती युक्ती शिकवली. आठ आठवडे संपले तेव्हा प्राथमिक वर्गात कुणालाच जावं लागलं नाही. "लावली की नाही शेंडी," त्या म्हणाल्या. मीही त्या दिवशी निश्चिंत झाले.

पाचव्या महिन्याच्या शेवटी दाखल्याची परीक्षा झाली. निम्मी गोडबोलीसमोर, निम्मी माणसासमोर, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हायचं. पहिला भाग वेल्डरनं आरामात पार केला. दुसऱ्यासाठी बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या, चाळिशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, चेहऱ्यानं मायाळू. हजेरीचा कागद घेऊन मी खोलीत कोपऱ्यात बसले होते. वन्संना आत यायची परवानगी नव्हती.

"तुमच्या कामाबद्दल काही सांगा," परीक्षक बाई म्हणाल्या.

"मी सकाळी म्म्म्म्म," वेल्डर म्हणाला.

परीक्षक बाईंनी आधी वर पंख्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" त्यांनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

वेल्डरच्या लक्षात आलं आणि त्याचे कान लाल झाले. त्यानं आवाज बंद केला. आवाज बंद झाला तसे शब्दही बंद झाले. परीक्षक बाई थांबल्या. मी भिंतीवरच्या घड्याळात बघत होते, चांगले बारा सेकंद थांबल्या, काही न बोलता. हवे होते त्याहून जास्तच. पण वेल्डर त्यांच्या ओठांकडेच बघत राहिला. कुठल्याही क्षणी त्या मध्ये पडतील आणि चहाचं काहीतरी म्हणतील, असं त्याला वाटत असणार. शेवटी तो म्हणाला, "मी नळी बघतो," आणि गप्प बसला. पाच गुण कमी पडले.

बाहेर येऊन मी वन्संना सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, आता मुख्य कार्यालयाचा उद्धार होईल. त्या बाकावर बसल्या. "त्या बाई थांबल्या होत्या?"

"थांबल्या होत्या."

"आणि तो तोंड बघत बसला."

"हो."

"मीच शिकवलं ते," वन्सं म्हणाल्या. "त्यानं युक्ती काढली आणि मी टाळ्या पिटल्या. तिला शेंडी लावायच्या नादात मी त्याचं बोलणं घालवलं."

"वन्सं, तुम्ही तसं केलं नसतं तर तो आठव्या आठवड्यातच गेला असता."

"ते मला कळतंय. म्हणून तर डोकं फिरलंय."

फेरपरीक्षा सहा आठवड्यांनी होती. वेल्डर दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी वन्संनी कारखान्यात फोन करून निरोप ठेवला की वर्गाच्या अर्धा तास आधी या, दुसरं काही नको. तो आला. खोलीत दुसरा वर्ग चालू असायचा, म्हणून दोघं माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसायची. वन्सं प्रश्न विचारायच्या आणि जमिनीकडे बघायच्या. वेल्डरनं म्म्म् केलं की काही न बोलता उठायच्या, फिल्टरचं पाणी प्यायच्या, परत येऊन तोच प्रश्न पुन्हा. पहिल्या आठवड्यात त्या इतकं पाणी प्यायल्या की मला हसू आवरेना. वेल्डरला मात्र हसू येत नव्हतं.

"बाई, गप्प राहिलं की भीती वाटते," तो एकदा म्हणाला.

"कसली?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. वन्संनी मान वर केली नाही. मग तो म्हणाला, "माझं वाक्य कुणीतरी घेऊन जाईल."

मी समोरचा हजेरीचा कागद उगाचच इकडून तिकडे केला.

गोडबोलीची वीस मिनिटं रोजची रोज चालूच होती, ती काही टळत नव्हती. म्हणजे साडेपाचला वन्सं त्याचं गुणगुणणं सोडवायच्या आणि साडेसहाला तो ते पुन्हा करायचा, कारण नाही केलं तर गुण घसरणार आणि फेरपरीक्षेला बसू देणार नाहीत. एका अर्ध्या तासात विणलेलं पुढच्या तासात उसवायचं, असे पाच आठवडे. वन्संनी त्याला तेवढ्यापुरती सूट द्यावी म्हणून दोन पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याच्या उत्तरात विद्यार्थ्याच्या प्रगतीबद्दल अभिनंदन होतं.

फेरपरीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी वन्संनी वर्गात सगळे टॅबलेट बंद करायला सांगितले आणि वेल्डरला पुढे उभं केलं. कारखान्यात द्यायचं ते पाच मिनिटांचं भाषण इथे द्या, म्हणाल्या. तो उभा राहिला. सिलिंडर उभाच का ठेवायचा, नळीला तेलकट हात का लावायचा नाही, चष्मा कपाळावर चढवून काम करणाऱ्यांचं काय होतं, सगळं एकेक करून सांगितलं. मध्ये मध्ये लांब थांबत होता. दोनदा ओठ मिटले गेले, पण आवाज आला नाही. पाच मिनिटांच्या भाषणाला अकरा मिनिटं लागली.

संपल्यावर खिडकीकडून प्रश्न आला. "तेलकट हात लागला तर काय होतं?"

विचारणारी धाकटी जाऊ होती. थोरलीनं दाराजवळून वळून बघितलं आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तिला उत्तर माहीत नव्हतं. वेल्डरनं विचार केला. "ऑक्सिजनला तेल लागलं की पेटतं," तो म्हणाला. "काडी ओढावी लागत नाही."

फेरपरीक्षेत तो चार गुण जास्त मिळवून पास झाला. महिन्याभरानं मुकादम झाला. एकदा दाखल्यावर सही घ्यायला तो केंद्रात आला होता, तेव्हा मी विचारलं, सकाळचं बोलणं कसं चाललंय. "लांबतं," तो म्हणाला. "माणसं कुरकुरतात. पण ऐकतात." वन्सं वर्गात होत्या. तो काचेतून त्यांना हात दाखवून गेला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी समन्वयकाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "मॅडम, तुमच्या सूचनेमुळेच नवीन सोय आलीये. आता सहायिकेचा संयम कमी, मध्यम, जास्त असा ठेवता येईल."

"जास्त म्हणजे किती?" वन्संनी विचारलं.

"चार सेकंद."

"सात लागतात."

"मॅडम, सात सेकंद शांतता झाली की लोकांना वाटेल यंत्र बंद पडलंय."

"वाटू दे."

तिकडून टाइप केल्याची टकटक ऐकू आली. मग, "तुमचं म्हणणं नोंदवून घेतो."

नव्या वर्गाला एकतीस नावं आली. गोडबोली आहे म्हणजे एका शिक्षिकेला इतके झेपतील, असं मुख्य कार्यालयाचं म्हणणं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून खालून वाचनालयातल्या आणल्या. वन्सं आता रोज पाऊण तास आधी जातात आणि मलाही ओढून नेतात, कारण ती संयमाची सोय टॅबलेट बंद केला की पुसली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'मध्यम' होते. एकेक टॅबलेट उघडायचा, तीन ठिकाणी बोट दाबायचं, 'जास्त' करायचं, बाजूला ठेवायचा. याबद्दलचं पत्र गेलेलं आहे. एकतिसावा होईस्तोवर जिन्यावर पहिल्या विद्यार्थ्यांच्या चपला वाजायला लागतात.